बंड्याच्या वतीने सही

माझ्या कुत्र्याच्या, बंड्याच्या, गळ्याखाली दोन्ही बाजूंना गाठी लागल्या, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. सुईने पेशी काढून तपासल्या. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. डॉक्टरांनी लगेच स्टेरॉइड सुरू केलं नाही, म्हणून मी चिडलो होतो. कारण नंतर कळलं. पशुवैद्यकीय महाविद्यालयात एका नव्या औषधाची चाचणी चालू होती, आणि आधी स्टेरॉइड घेतलेला कुत्रा त्यात चालणार नव्हता. गाठी स्टेरॉइडनेही आटतात, मग नव्या औषधाचा गुण कळणार कसा? असं निदान झालं तर पहिली गोळी देण्याआधी हे नक्की विचारा.

'संशोधन' हा शब्द ऐकून मात्र पोटात गोळाच आला. १९६५ साली अमेरिकेत पेपर नावाची डाल्मेशियन कुत्री नाहीशी झाली, विक्रेत्यांच्या हातांतून न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात पोचली आणि प्रयोगाच्या टेबलावरच मेली. घरचे तिला शोधत होते. त्या संतापातून १९६६ चा तिथला प्राणी कायदा झाला. माझ्या डोक्यात तीच कुत्री होती.

संमतिपत्र मी तीनदा वाचलं. नेहमीच्या केमोसोबत नवं औषध मिळणार की नुसती केमो, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की उंदराला गाठ मुद्दाम दिलेली असते. घरच्या कुत्र्याला कर्करोग आपोआप होतो, आपल्यासारखाच, आपल्याच हवापाण्यात. म्हणून त्याच्याकडून कळलेलं माणसाच्याही कामी येतं.

मी विचारलं, "त्याला नाही म्हणायचं असेल तर?"

"ते आमच्याआधी तुम्हाला कळेल. जेवण सोडेल, दारातच अडून बसेल. त्या दिवशी फोन करा. कारण विचारणार नाही, आणि त्याचे उपचार थांबणार नाहीत."

त्यावर मी सही केली. शेवटच्या कलमावर नाही केली. मृत्यूनंतर शवविच्छेदनाला परवानगी, असं ते होतं. त्यांनीही आग्रह धरला नाही.

रक्त, सोनोग्राफी, अस्थिमज्जा, दर आठवड्याच्या फेऱ्या. एकदा उलट्या झाल्या तेव्हा डोस पुढे ढकलला. गाठी विरल्या, सात महिने तो बागेत धावला. मग त्या परत आल्या, आणि एका सकाळी तो खरंच दारात अडून बसला. फोन केला.

ते शेवटचं कलम मी त्याच आठवड्यात भरलं. गळ्यातला पट्टा तेवढा परत मागून घेतला.