खालचा टेका

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात वरोरा तालुक्यातल्या एका गावाहून काकाजी माझ्याकडे आले. पिशवीत सातबारा, मोबाइलमध्ये वावरातल्या भेगेचे फोटो. वावराखालून कोळशाची भुयारी खाण गेली आहे. तक्रार करून झाली होती आणि तिला एका ओळीचं उत्तर आलं होतं: काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतातच.

हे खोटं नाही, म्हणूनच ते खोडणं अवघड. आपली काळी माती पाण्यानं फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात हात आत जाईल अशा भेगा मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. फोटो पाहून मलाही ठाम काही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी मी वावरातच गेले.

कपाशी कमरेला लागत होती. काकाजी म्हणाले, "उनाची भेग जाळ्यावानी फाकते मॅडम, अन् पाऊस आला का मिटते. हे सरळ चालली. धुरा तोडून बाजूच्या वावरात गेली. चार पाऊस झाले, मिटली नाही."

मी खाली बसून पाहिलं. भेगेच्या एका अंगाची जमीन चार बोटं खाली उतरली होती. कपाशीचं तास भेगेपर्यंत सरळ येत होतं आणि पायरी उतरावी तसं पलीकडे खाली जात होतं. काकाजींनी एक लांब तुराटी आत सोडली, ती मुठीपर्यंत गेली तरी तळ लागेना. भेगेच्या दोन्ही बाजूंना त्यांनी खुंट्या ठोकून दोरी ताणली होती. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

भुयारी खाणीत कोळसा काढताना मध्ये कोळशाचेच खांब ठेवतात, त्यांना पिलर म्हणतात. वरचं सगळं ओझं त्या खांबांवर असतं. पुढे तेही काढून घेतात, ते डीपिलरिंग. मग छत कोसळतं आणि वरची जमीन बसते. पोकळीत वाळू भरली तर कमी बसते.

त्या रात्री १८८२ चा ईझमेंट ॲक्ट, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीशी निगडित हक्कांचा कायदा, काढला. वकिली करताना वाट, पाणी, उजेड यांच्या वादांसाठी तो चाळलेला होता, पण कलम ७ खालची उदाहरणं एवढ्या सावकाश कधी वाचली नव्हती. एका उदाहरणात 'सबजेसंट ॲण्ड ॲडजेसंट सॉइल' असं होतं. आधी छपाईची चूकच वाटली. ॲडजेसंट आपल्याला शाळेतल्या संलग्न कोनांपासून माहीत. सबजेसंट कुठून आला? डिक्शनरी उघडली. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या पडून असणं या अर्थाच्या एकाच क्रियापदाचे. ॲडजेसंट म्हणजे शेजारी पडलेलं, सबजेसंट म्हणजे खाली पडलेलं, वरच्याला तोलून धरणारं पण वरून न दिसणारं. आणि कायदा म्हणतो की नैसर्गिक अवस्थेतल्या जमिनीला शेजारच्या आणि खालच्या मातीचा आधार मिळणं हा मालकाचा हक्क आहे, मग ती माती दुसऱ्याच्या मालकीची का असेना.

मी उठून बसले. सातबाऱ्यावर क्षेत्र, पीक, बोजा सगळं असतं. खालच्या मातीचा तिथे शब्दही नाही, पण इथे तिच्यासाठी हक्काचा शब्द सापडला होता.

हा कायदा १ जुलै १८८२ पासून अमलात आला आणि सुरुवातीलाच लागू झालेल्या मोजक्या प्रदेशांत आपला मध्य प्रांत होता. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला. त्या वेळी वरोऱ्यात सरकारी कोळसा खाण चालू होती! इंग्लंडात त्याआधीच, १८५० मध्ये, हम्फ्रीज विरुद्ध ब्रॉग्डन हा निकाल लागला होता. खाणवाल्यानं काम काळजीनं, रिवाजाप्रमाणे केलं होतं, पण पुरेसे खांब ठेवले नव्हते. तरी तो जबाबदार धरला गेला.

मर्यादाही आहेत, त्या मी काकाजींना स्पष्ट सांगितल्या. हक्क मोकळ्या, न खणलेल्या जमिनीला आहे, त्यामुळे विहीर आणि घराचा मुद्दा वेगळा लढवावा लागेल. शिवाय खाणीसाठी सरकारनं नेमके कोणते हक्क संपादित केले, ते कागद पाहिल्याशिवाय कळणार नाही. म्हणून अर्जात पहिली मागणी त्याच कागदांची आणि खाणीच्या नकाशाची केली.

अर्ज मराठीत लिहिताना सबजेसंटपाशी अडले. 'अधःस्थित मृदेचा आधार' असं लिहून काकाजींना वाचून दाखवलं.

"म्हणजे काय मॅडम?"

मी समजावलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या वाड्यात जमिनीखाली ज्वारी साठवाचं पेव होतं. पेव रिकामं झालं का आजी त्याच्यावरून बंडी जाऊ देत नव्हती. भरलं असलं का काही म्हणत नव्हती. खालचा टेका म्हना ना."

मी माझे शब्द खोडले आणि त्यांचे लिहिले. सबजेसंट तेवढा एकदा देवनागरीत ठेवला, समोरच्याला कलम सापडावं म्हणून.

अर्जावर आवकचा शिक्का पडला आहे. संयुक्त पाहणीची तारीख अजून आलेली नाही. काकाजी दर सोमवारी दोरीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजून नातवाच्या जुन्या वहीत लिहितात. गेल्या सोमवारी खालची बाजू आणखी एक बोट उतरली होती.