दुर्बिणीचा चौथा पाय

अण्णांचा नियम एकच. दिवस मावळला की उसाच्या कडेला कुणी थांबायचं नाही. आमची वस्ती नारायणगावपासून आत, शिवारात, आणि तिन्ही बाजूंनी ऊस. जुन्नर तालुक्यातल्या माणसाला यापुढचं सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते: बिबट्या. आमच्याकडे त्याला वाघच म्हणतात. त्याला आता जंगल लागत नाही, ऊस पुरतो. तोडणीच्या वेळी फडात पिल्लं सापडतात. गेल्या तीन वर्षांत आमची दोन कुत्री गेली.

आणि माझा छंद असा, की अमावस्येच्या आसपास, अंधारात, उघड्यावर, एकटीने तासन्‌तास बसायचं.

मी पुण्यात बँकेत आहे. पुण्याच्या आकाशात व्याध, रोहिणी आणि विमानं एवढंच दिसतं, म्हणून अंधाऱ्या पंधरवड्यातल्या शनिवारी गावी येते. ७२ मिलिमीटरची छोटी अपवर्तक, म्हणजे भिंगाची दुर्बीण, जुना डीएसएलआर कॅमेरा, आणि ताऱ्यांच्या मागे फिरणारं मोटरचं माउंट. पहिल्या वर्षी खळ्यात खुर्ची टाकून बसले, तर अण्णा काठी घेऊन शेजारी बसले. दोन तास. एक शब्द न बोलता. त्यांना पहाटे धारा काढायच्या होत्या. तिसऱ्या वेळी म्हणाले, "दुर्बीण राहू दे भाईर. तू आत बस. माझी मोटर नाय का मी आतून चालू करत?"

विहिरीवरच्या मोटरला त्यांनी मोबाईल स्टार्टर बसवलाय. त्यात सिमकार्ड असतं. फोन लावायचा, आकडा दाबायचा, मोटर चालू. थ्री फेज रात्रीच्या पाळीत आली की पूर्वी बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागायचं, आता गोधडीतून काम होतं. दुर्बिणीचंही असं करता येतं हे मला माहीत होतं, पण ते मोठ्या वेधशाळांचं काम वाटायचं. खरं तर असं वाटायचं काही कारण नव्हतं. आमच्या गच्चीवरून जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीची एक अँटेना दिसते, खोडदच्या ३० पैकी एक. ४५ मीटर व्यासाची ती परात मी लहानपणापासून बघत आलेय. आसपास चिटपाखरू नसतं आणि ती सावकाश मान वळवते. सगळ्या तीसही अँटेना खोडदच्या नियंत्रण कक्षातून हलतात, जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरवरून आज्ञा जातात. तीसेक वर्षं माझ्या डोळ्यांसमोर चाललंय ते.

तर रास्पबेरी पाय ४ घेतला. पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक, दुर्बिणीच्या पाठीवर वेल्क्रोने चिकटवलेला. आई म्हणाली, "तीन पाय होते की तिला. चौथा कशाला?" तेव्हापासून घरात त्याचं नाव चौथा पाय.

माउंट, कॅमेरा आणि गायडिंगचा, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवणारा छोटा कॅमेरा, तिघांच्या केबली या पायला जोडलेल्या. त्याला वीज १२ व्होल्टच्या बॅटरीतून, मध्ये ५ व्होल्टचा कन्व्हर्टर. त्याच्यात इंडी नावाची फुकट प्रणाली चालते. ती प्रत्येक यंत्राशी त्याच्या भाषेत बोलते, आणि वर केस्टार्स हा आकाशाचा नकाशा. नकाशातल्या ताऱ्यावर टिचकी मारली की दुर्बीण तिकडे वळते.

हे आतून चालवायच्या दोन तऱ्हा आहेत, आणि कोणती घ्यायची यात मी महिनाभर घोळ घातला. पहिली अशी, की नकाशा आणि सगळा कारभार लॅपटॉपवर ठेवायचा आणि पायने फक्त निरोप्याचं काम करायचं. दुसरी अशी, की सगळं पायवरच चालवायचं आणि लॅपटॉपवर किंवा फोनवर व्हीएनसीने नुसता त्याचा पडदा बघायचा. पहिलीत पडदा झरझर चालतो, पण वायफाय तुटलं की फोटोंची मालिकाही तुटते. दुसरीत पडदा अडखळतो, पण वायफाय गेलं तरी पाय आपला फोटो काढत राहतो. आपण परत जोडलो की जणू काही झालंच नव्हतं. आमच्या घराच्या भिंती दगडी, दीड फूट जाडीच्या. मी दुसरी घेतली.

पहिल्या रात्री व्हीएनसी लावलं तर काळा पडदा आणि त्यावर एक ओळ: सध्या डेस्कटॉप दाखवता येत नाही. घरात टीव्हीला जोडून सगळं ठणठणीत चाललं होतं. पाय सुरू होताना एचडीएमआयला पडदा लावलेला नसेल तर तो डेस्कटॉप उभाच करत नाही, हे कळायला आठवडा गेला. कॉन्फिगच्या फाइलीत एक ओळ घातली, पडदा असल्याचं भासवलं, आणि काम झालं. मग वायफाय सारखं गळायला लागलं. त्याचं कारण कळलं तेव्हा हसू आलं. फोटो साठवायला लावलेली एसएसडी मी निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या खाचेत खुपसली होती. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो, आणि वायफायही तिथलंच. एसएसडी काळ्या खाचेत घातली. वेग कमी झाला, पण मिनिटाला एक फोटो साठवायला किती वेग लागतो?

खळ्यात घरचं वायफाय पोचत नाही, म्हणून पाय स्वतःच हॉटस्पॉट होतो. लॅपटॉप त्याच्या हॉटस्पॉटला जोडायचा, १०.४२.०.१ हा पत्ता टाकायचा, की मी स्वयंपाकघरातून आकाशात. आई भाकऱ्या थापतेय, मी ओट्याच्या टोकाला. पहिल्यांदा माउंट वळल्याचा आवाज खिडकीतून आला आणि पडद्यावर कृत्तिका उमटल्या, तेव्हा आईने पिठाचा हात पुसून बघितलं. म्हणाली, "भाईर जाऊन बघितलं तर दिसतातच की." दिसतातच.

पण आतून सगळंच होत नाही. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे लावायचं काम हातानेच करावं लागतं. जुन्नरहून ध्रुव क्षितिजावर जेमतेम १९ अंश. म्हणजे अक्षातल्या छोट्या दुर्बिणीतून बघायचं तर गोणपाटावर गुडघे टेकून, मान वाकडी करून, उसाच्या तुऱ्यांवर डोळा ठेवून. त्या वेळी मागे अण्णा, काठी आणि बॅटरीचा झोत. मला लाल उजेड हवा असतो, त्यांना लखलखीत. दर वेळी भांडण.

आता पौषातल्या अमावस्येची गोष्ट.

दोन आठवड्यांपूर्वी चांदण्यात नुसती जोडणी तपासून रात्री दहाला पाय बंद केला होता. त्यानंतर थेट त्या शनिवारी संध्याकाळी सातला खळ्यात चालू केला. एरवी आधी घरात चालू करायचे, मग बाहेर न्यायचे. त्या दिवशी एसटी उशिरा आली, घाई होती. फोनवरच्या ॲपमध्ये बघून ध्रुव जागेवर आणला, आत आले. आठला नकाशात मृगाच्या तलवारीतल्या तेजोमेघावर टिचकी मारली. दुर्बीण वळली, चाचणीचा फोटो आला, आणि त्यात मृग नाही. नुसते विखुरलेले तारे. प्लेट सॉल्व्हिंग लावलं. म्हणजे फोटोतल्या ताऱ्यांच्या आकृत्या ओळखून संगणक सांगतो, तू कुठे बघतेयस. तो म्हणाला, मृगाशेजारच्या यमुना तारकासमूहात. मी म्हटलं, बरं, चूक दुरुस्त कर. त्याने केली. पुढच्या फोटोत तेजोमेघ बरोबर मध्यावर. साठ सेकंदांचा एक असे शंभर फोटो लावले आणि जेवायला बसले.

अर्ध्या तासाने पडद्यावर 'मेरिडियन फ्लिप' आलं. तारा डोक्यावरून पश्चिमेकडे उतरायला लागला की अशा माउंटला दुर्बीण एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर न्यावी लागते. रोजचं आहे. माझ्या डोक्यात एवढंही आलं नाही, की मृग अजून पूर्वेलाच आहे, फ्लिप आत्ता कसा? पुढचा फोटो नुसत्या रेघांचा. त्याच्या पुढचाही. वाटलं, ढग आले असतील. दुर्बीण कुठे बघतेय ते दाखवणारी नकाशावरची फुली मात्र बरोबर मृगावर.

तेवढ्यात गोठ्याकडे चक्कर मारायला गेलेले अण्णा दारात आले. "तुझी दुर्बीण मान टाकून बसलीय. अन् घरघर करती."

धावले. दुर्बिणीला तोलणारं वजन वर, दुर्बीण खाली, कॅमेऱ्याची केबल तिपाईला अडकून वाजवली तर टणत्कार होईल इतकी ताणलेली, आणि माउंटची मोटर जागच्या जागी कण्हत होती. बॅटरीची पिन उपटली तेव्हा शांत झाली. केबलची खाच कॅमेऱ्यात हलली होती. नशीब, तुटली नव्हती.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ असते. लॅपटॉपवर मी ती चौकट मिटवून ठेवलेली, फोनवर ती तिळाएवढी. तिथे दोन आठवड्यांपूर्वीची तारीख होती, रात्रीचे साडेअकरा-बारा.

पाय ४ ला घड्याळ नसतं. (पाय ५ ला आहे, पण त्याची बॅटरी वेगळी लावावी लागते.) इंटरनेट मिळालं तर तो तिथून वेळ घेतो. नाही मिळालं तर शेवटचा बंद झाला त्या क्षणापासून पुढे मोजायला लागतो, मध्ये झोपलेल्या माणसासारखा. त्याच्या लेखी संध्याकाळचे सात म्हणजे रात्रीचे दहा. तीन तास पुढे. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, त्याचा दोन आठवड्यांचा जवळजवळ तास उलट बाजूने वजा. राहिली दोन तासांची चूक, म्हणजे आकाशात ३० अंश. जागेची चूक प्लेट सॉल्व्हिंगने झाकली. वेळेची तशीच राहिली, आणि तिच्या हिशेबात मृग डोक्यावरून पलीकडे गेला होता.

आणि नकाशावरची ती फुली. माझ्या माउंटला आपण खरंच कुठे आहोत हे बघायचं साधन नाही. ते मोटरला दिलेली पावलं मोजतं. केबल अडकून मोटर जागीच घरघरली तरी पावलं मोजली जातात, आणि फुली पुढे सरकते.

हे सगळं मी ओसरीवर बसून अण्णांना समजावलं. ते तंबाखू मळत होते. म्हणाले, "फोन म्हणतो मोटर चालू झाली. पाणी पडतंय का नाय ते पाटावर जाऊनच बघावं लागतं. मागल्या साली फुटवॉल्व्ह गळत व्हता, चार घंटे मोटर कोरडीच."

सोमवारी बँक सुटल्यावर बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या अलीकडच्या बोळात. दुकानदाराला "पायसाठी घड्याळ" म्हटल्यावर त्याने न बघता मागच्या खणातून डीएस३२३१ काढून दिलं. नखाएवढी पट्टी, मागे बटण सेल, दोनशेच्या आत. वर्षाला फार तर मिनिटभराची चूक. ते पायच्या पिनांवर बसतं आणि मग इंटरनेट असो-नसो, वेळ बरोबर. शिवाय एक स्वस्तातला सुरक्षा कॅमेरा गोठ्याच्या खांबाला बांधला, दुर्बिणीवर रोखून. त्याचे इन्फ्रारेड दिवे फोटोंना त्रास देतील म्हणून दुर्बीण वळताना तेवढा चालू करते, एरवी बंद. केबली आता एकाच जागी, सैल वेटोळं करून बांधलेल्या असतात, आणि फ्लिपच्या वेळी मी जेवत नाही.

माघात पुन्हा आले. या वेळी सिंह राशीतल्या तीन दीर्घिका. तिन्ही माझ्या चौकटीत एकदम मावतात, चौकट साधारण तीन अंश बाय दोन अंशांची आहे. सगळं सुरळीत. एक वाजता लॅपटॉप उशाशी ठेवून झोपले. पहाटे उठून गायडिंगचा आलेख बघितला. गायडिंग म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटच्या बारीक चुका सुधारत राहणं. रात्रभर त्याच्या दोन्ही रेघा एका आर्कसेकंदाच्या, म्हणजे अंशाच्या ३६००व्या भागाच्या, आत झुलत होत्या. फक्त २ वाजून ४१ मिनिटांनी दोन्ही रेघा एकदम चौदा-पंधरापर्यंत उसळल्या, मिनिटभर थरथरल्या आणि परत खाली बसल्या. म्हटलं, वारा.

उजाडल्यावर केबली सोडायला खळ्यात गेले तर अण्णा आधीच तिपाईपाशी उकिडवे बसलेले. आदल्या दिवशी सारवायला आणलेली माती तिथे पसरली होती, अजून ओलसर. उत्तरेकडच्या पायापासून वीतभर अंतरावर ठसा, माझ्या तळव्याएवढा. चार बोटं, मागे गादी.

"कुत्रं असंल," मी म्हटलं.

"कुत्र्याची नखं उमटतात. ह्याला नखं कुठायत?"

त्यांनी शेणाचं घमेलं आणून ठशावर पालथं घातलं, वनरक्षक येईपर्यंत कोंबड्यांनी विस्कटू नये म्हणून. मी आत जाऊन २ वाजून ४१ मिनिटांचा फोटो उघडला. तिन्ही दीर्घिका आहेत, पण प्रत्येक ताऱ्याला एक छोटा वाकडा आकडा फुटलाय. असले फोटो मी बाद करते. हा ठेवलाय.