गोव्यातले उत्पल दत्त

'शौकीन' टीव्हीवर लागला की आमच्याकडे हटकून वाद होतो, हा समुद्रकिनारा नक्की कुठला? मला त्यात रस नाही. अशोक कुमार, ए. के. हंगल आणि उत्पल दत्त हे तीन म्हातारे मिथुनला ड्रायव्हर म्हणून घेऊन गोव्यात मजा मारायला येतात, ती १९८२ सालची बासू चॅटर्जींची गोष्ट. गोवा म्हणजे चैनीची जागा, या समजुतीचा मला मनस्वी राग आहे, पण उत्पल दत्तांसाठी मी या सिनेमाला माफ केलंय.

कारण हाच माणूस तेरा वर्षं आधी आमच्याकडे सत्याग्रही होऊन आला होता. ख्वाजा अहमद अब्बास यांचा 'सात हिंदुस्तानी', साल १९६९. पोर्तुगिजांच्या गोव्यात शिरून तिरंगा फडकवणाऱ्यांची गोष्ट. अब्बासांनी नटांचे प्रांत मुद्दाम पालटले होते. बंगाली उत्पल दत्त पंजाबी झाले, मल्याळी मधू बंगाली झाला आणि जलाल आगा आपला मराठी शाहीर. सिनेमा भाबडा आहे. अमिताभचा पहिला म्हणून त्याचं नाव निघतं, बाकीचे सहा कुणाला आठवत नाहीत. त्याच वर्षीच्या, मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम'साठी दत्तांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कडक रेल्वे साहेब सौराष्ट्रात पक्ष्यांच्या शिकारीला जातो आणि गावच्या एका मुलीपुढे त्याची साहेबी गळून पडते. ती मुलगी म्हणजे आपली सुहासिनी मुळे, तीही पहिल्याच भूमिकेत.

मी फोंड्याकडचा. देवळाच्या उत्सवी नाटकात बहुतेक वेळा खलनायक माझ्याच वाट्याला येतो. तालमीत दिग्दर्शक ओरडतो, "तुका राग आयला तें लोकांक दिसपाक जाय!" मग मी डोळे वटारतो, आवाज चढवतो, एखादी खुर्ची लाथाडतो. टाळ्या पडतात, नाही असं नाही.

आणि मग सत्यजित राय यांच्या 'जय बाबा फेलुनाथ'मधला उत्पल दत्तांचा खलनायक, मगनलाल मेघराज पाहावा. बनारसचा बडा असामी, गादीवर बसलेला. पाहुण्यांना सरबत देतो. सरबतात विष तर नाही ना, म्हणून पाहुण्यांचा हात पुढे होत नाही आणि मगनलालला त्याची गंमत वाटते. मग तो त्यांच्यातल्या भित्र्या लेखकाला, म्हणजे संतोष दत्तांना, फळीसमोर उभं करतो आणि एका म्हाताऱ्या माणसाकडून सुऱ्या फेकवतो. एकेक सुरी अंगाच्या कडेने फळीत रुततेय, लेखक अर्धमेला झालाय, आणि मगनलाल जागचा हलत नाही. तो ओरडला असता तर आपल्याला इतकी भीती वाटली नसती.

आवाज नव्हता म्हणून गप्प बसणाऱ्यांतले दत्त नव्हते. जेफ्री केंडल यांच्या फिरत्या शेक्सपिअर कंपनीत तयार झालेले. पुढे लिटल थिएटर ग्रुप काढला, कोलकात्याचं मिनर्व्हा थिएटर चालवायला घेतलं. तिथल्या 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी शिरतं, ते तापस सेन यांनी नुसत्या प्रकाशातून उभं केलं होतं. आमच्याकडे अजून पंचायतीच्या हॅलोजनवर वादळ होतं, असो. १९६५ साली त्यांनी १९४६ च्या नौदलाच्या बंडावर 'कल्लोल' आणलं. वर्तमानपत्रांनी जाहिराती घ्यायचं बंद केलं, तरी नाटक चाललं. सरकारने दत्तांना खटला न चालवता काही महिने तुरुंगात ठेवलं. पुढे हिंदी सिनेमातून मिळणारा पैसा ते नाटकात ओतत राहिले. त्यातले काही सिनेमे सुमार होते, हेही सांगायला हवं.

'गोलमाल'चा भवानी शंकर सगळ्यांना पाठ आहे. दत्त तिथे विनोद करतच नाहीत. मिशी नसलेला माणूस विश्वासाचा नाही, हे भवानी शंकरला आतून पटलेलं आहे. तो खराखुरा संतापतो, म्हणून आपण हसतो. मिशीवरून गुळगुळीत चेहऱ्याच्या अमोल पालेकरकडे जाणारी ती संशयी नजर पाहा. 'रंग बिरंगी'त तर ते चक्क इन्स्पेक्टर धुरंधर भाटवडेकर आहेत आणि आडनाव अगदी अंगासरशी बसलंय. फिल्मफेअरची विनोदी भूमिकेची पारितोषिकं दोन्हींसाठी मिळाली.

राय यांच्या शेवटच्या सिनेमात, १९९१ च्या 'आगंतुक'मध्ये, पस्तीस वर्षांनी परतलेला मामा दत्तच झाले. खरा मामा की तोतया, घरच्यांना कळत नाही. मामा भरभरून बोलतो, थट्टा करतो, जग पाहिलेल्या माणसाच्या तोऱ्यात वाद घालतो. मग घरी आलेला वकील त्याला सुनावतो, खरं काय ते सांगा, नाही तर चालते व्हा. इतका वेळ बोलणारा माणूस गप्प होतो. चेहऱ्यावर राग नाही, अपमान आहे, आणि तोही जेमतेम. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९९३ मध्ये, दत्त गेले.

हा प्रसंग मी आमच्या दिग्दर्शकाला मोबाईलवर दाखवला. त्याने शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाला, "बरें आसा. पूण फाटल्या लोकांक कितें दिसतलें?" म्हणजे, मागे बसलेल्यांना काय दिसणार?