आमची वाटचाल : वडशातला साऊंड-लाईटचा धंदा

आमच्या विद्यापीठातल्या जनसंवाद-नाट्य विभागानं मागे एक पुस्तिका काढली, ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. आमच्या बॅचचा एक जण मालिकेत थोरल्या भावाचं काम करतो, तो त्यात आहे. वृत्तवाहिनीवर दिसणारी एक आहे. पुण्यात जाहिरातींच्या धंद्यात स्थिरावलेला एक आहे. गुणी माणसं आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण त्याच वर्गात बसून, तिथं शिकलेलं रोज रात्री वापरून ज्या दोघांनी नाटकांना साऊंड-लाईट पुरवायचा धंदा उभा केला, त्यांच्यासाठी पुस्तिकेत एक ओळ निघाली नाही. फोन केला तर पलीकडून विचारणा झाली, ‘तुम्ही ते साऊंड सर्व्हिसवाले ना?’ हो, तेच. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, उगाच कोणाला खुलासा करावा लागायचा.

आम्ही शिकत होतो तेव्हापासून यशस्वी माणसाचं उदाहरण बाहेरूनच यायचं. आता सगळे नागराज मंजुळेंचं देतात. ते नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीज शिकले, त्यांची पहिली शॉर्टफिल्म हा तिथलाच अभ्यासक्रमाचा भाग होता आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उदाहरण चांगलंच आहे. पण त्यातून मुलं एवढंच उचलतात की पदवी घ्यायची आणि मुंबईची गाडी धरायची. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला रेल्वे स्टेशन आहे, तिथं उतरलं तरी दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकाचं काम मिळतं, हे विभागात कोणी सांगत नाही. २०२३ साली आमच्या झाडीपट्टी रंगभूमीचे कलाकार परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे नागपूरच्या काही ओळखीच्यांनी विचारलं, ‘अरे, तुमच्याकडे खरंच तिकीट काढून लोक रात्रभर नाटक पाहतात?’ पाहतात. धान निघालं, मंडई म्हणजे गावची जत्रा भरली, दुपारी शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत झाली की रात्री नाटक लागणारच. दहाला पडदा उघडतो आणि लोक घरी जातात तेव्हा उजाडायला आलेलं असतं.

अभ्यासक्रम जनसंवाद आणि नाट्य असा जोडीचा होता. मी नाट्याच्या बाजूचा, माझी भागीदार जनसंवादाची. ती अकोल्याची, मी लाखांदूरकडचा, घरी धानाची शेती. २००७ साली पदवी घेतली आणि त्याच दिवाळीत सुरुवात केली. सेकंडहँड आहुजाचा ॲम्प्लिफायर, चार चोंगे, स्टेजवर टांगायचे माईक आणि एक डिमर. डिमर म्हणजे लाईटचा उजेड कमीजास्त करणारा, विभागाच्या भंगारातून लिलावात घेतलेला लोखंडी पेटारा. तो उचलायला चार माणसं लागत आणि चालू झाला की गिरणीसारखा घुमायचा. अजून आहे. विकत मागणारे येतात, देत नाही.

भागीदारणीचं काम तारखांचं. या धंद्यात तारीख म्हणजे सगळं. एका गावाची मंडई आणि दुसऱ्या गावाचा पट एकाच दिवशी आला की नाटक कंपनीवाला, मंडळवाला, मांडववाला सगळे एकदम फोन करतात. तिनं पहिल्याच हंगामात मोठी वही घातली: तारीख, तिथी, गाव, मैदानाची लांबी, वीज थ्री फेज आहे की नाही, ट्रक आत जातो की नाही, इसार किती. मंडळाची माणसं आधी तिच्याशी बोलायलाच तयार नसत. ‘भाऊ कुठं हायेत?’ म्हणत. ती शांतपणे सांगायची, ‘भाऊ खांबावर चढले आहेत, तारीख मीच देते.’ दोन हंगामांनंतर हीच माणसं मला बाजूला सारून ‘मॅडमले द्या फोन’ म्हणू लागली. आता ती एका कॉलेजात शिकवते, पण वही तिच्याकडेच आहे.

मधली वर्षं बरी गेली. २०१४च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, पट थांबले आणि पटाच्या जोरावर होणारी नाटकं कमी झाली. तेही निभावलं.

निभावलं नाही ते २०१६चं. त्या वर्षी आम्ही बँकेचं कर्ज काढून २५ केव्हीएचा जनरेटर घेतला होता. हिशोब सरळ होता. एक पार लाईट, म्हणजे स्टेजवर झोत टाकणारा दिवा, हजार वॅटचा, सोळा लावले तर १६ किलोवॅट, शिवाय साऊंड. गावातल्या लाईनीवर एवढा लोड टाकला तर आधी डिपीचा फ्यूज जातो आणि मग शेजारच्या शेतातल्या मोटारवाल्याच्या शिव्या खाव्या लागतात. भाऊबीज झाली, हंगाम उघडला, पहिले खेळ लागले आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. आमच्या धंद्यात चेक नव्हता, आजही फारसा नाही. तिकीट रोख, इसार रोख, कलाकारांचं मानधन पहाटे रंग पुसता पुसता रोख. बँकेतून आठवड्याला २४ हजार काढायची मर्यादा, तीसुद्धा बँकेत पैसे असतील तर. गावोगावची मंडळं तारखा सोडू लागली. वहीत लाल रेघा पडत गेल्या.

त्याच वेळी आमच्या समोरच्या गाळ्यात एक नवा सप्लायर आला. नाव लिहीत नाही, वडशात सगळ्यांना माहीत आहे. आधी लग्नाचा डीजे चालवायचा. त्यानं मंडळांना सांगितलं, जुन्या नोटा चालतील, पूर्ण भावानं घेतो. त्या नोटा ३० डिसेंबरपर्यंत बँकेत भरता येत होत्या. त्यानं कशा आणि कोणाच्या खात्यातून भरल्या ते त्यालाच ठाऊक. शिवाय रेट आमच्या निम्म्यावर. आमच्या वहीतल्या चांगल्या तारखा महिन्याभरात त्याच्याकडे गेल्या. मग त्यानं आमचा लाईटमन नेला. या पोराला क्यू शीट वाचायला मी शिकवलं होतं: कोणत्या वाक्यावर निळा, कोणत्या प्रवेशाला किती टक्के, ब्लॅकआऊट कुठं. मोटारसायकल मिळाली आणि गेला. पोराला दोष देत नाही. ज्यानं मोटारसायकल दिली त्याला मी बसस्टँडवर गाठलं, तर तो चारचौघांत म्हणतो, ‘भाऊ, शिकलेल्या लोकाईनं असं हातघाईवर येऊ नये.’ हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

जनरेटरचे हप्ते थकले. भागीदारणीनं अकोल्याला घरी विचारून दागिना मोडायची तयारी केली. मी नको म्हणालो. त्यावरून आमचं वाजलं, महिनाभर बोलणं फक्त तारखांपुरतं होतं.

त्या हंगामात ज्यांनी तारीख सोडली नाही, ते सिंदेवाहीकडच्या एका गावचे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, नाट्य मंडळाचे कायमचे अध्यक्ष. समोरचा त्यांच्याकडे जाऊन आला होता, निम्म्या रेटचा कागद देऊन आला होता. गुरुजींनी तो कागद मला दाखवला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘नाटक होईल जी. साऊंड तुमचाच राहीन. पैशाची गोठ धान मोजल्यावर.’ खेळ झाला. धान मोजल्यावर पैसे आले नाहीत, कारण व्यापाऱ्याकडेच रोख नव्हती. गुरुजींनी धानाची पोतीच आमच्या गाडीत टाकली. त्या वर्षी आमच्या आणि हाताखालच्या पोरांच्या घरी वर्षभर त्याच तांदळाचा भात होता. आजही त्यांच्या गावचा रेट जुनाच आहे, आणि त्यावर बोलायला आलेल्या दुसऱ्या मंडळांना मी चहा पाजून परत पाठवतो.

आता समोरच्याची गंमत. गुरुजींच्या गावचं मैदान लांब आहे. स्टेजजवळच्या स्पीकरचा आवाज मागच्या बाऱ्यांपर्यंत, म्हणजे रांगांपर्यंत, पोचेतो विरतो, म्हणून पन्नास मीटरवर दुसरी जोडी लावावी लागते. पण तारेतून आवाज लगेच जातो आणि हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटरनं. म्हणजे मागच्या माणसाला जवळच्या स्पीकरचं वाक्य आधी आणि स्टेजकडचं नंतर ऐकू येतं, सगळा गोंधळ. यावर उपाय म्हणजे मागच्या जोडीला डिले देणं, तिचा आवाज तेवढा उशिरा सोडणं. पन्नास मीटरला १४७ मिलिसेकंद, वर दहा-बारा आणखी, मग आवाज नटाच्या तोंडूनच आल्यासारखा वाटतो. हे आम्हाला विभागात एका मास्तरांनी फळ्यावर शिकवलं होतं आणि वर्गातले निम्मे झोपले होते. थंडीत आवाज किंचित सावकाश चालतो, त्यामुळे मध्यरात्रीनंतर मी आकडा पुन्हा पाहतो. समोरच्याच्या माणसानं आमच्या डिलेच्या डब्याचा मोबाईलवर फोटो काढला आणि तोच आकडा पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी लावला. तिथं मागची जोडी जेमतेम तीस मीटरवर. नायिका बापाच्या पाया पडून रडते आहे आणि मागच्या बाऱ्यांना प्रत्येक हुंदका दोनदा. लोक हसायला लागले. आकडा फोटोत येतो, मैदान येत नाही. तरी त्या मंडळानं पुढच्या वर्षी पुन्हा त्यालाच बोलावलं, रेट कमी म्हणून! तो आजही समोरच्या गाळ्यात आहे आणि मध्ये कुठल्याशा सत्कारात शालही घेऊन आला.

२०२०-२१चा हंगाम कोरोनात बुडाला, तेव्हा सगळेच बुडाले होते, त्याची वेगळी कथा नाही. गाडी ताडपत्रीखाली होती. २०२१च्या डिसेंबरात न्यायालयानं शर्यतींना परवानगी दिली, पट पुन्हा भरले आणि वही हळूहळू भरली. आता पार लाईट बहुतेक एलईडीचे आहेत, एकेक दीड-दोनशे वॅटचा, त्यामुळे तो २५ केव्हीएचा जनरेटर अर्ध्या लोडवर चालतो. त्याचे हप्ते मात्र पूर्ण लोडवर फेडले. काही हॅलोजन मुद्दाम ठेवले आहेत. पहाटेचा प्रवेश, म्हातारीच्या चेहऱ्यावरचा उजेड, तो एलईडीत येत नाही. हे माझं मत आहे, भागीदारणीला पटत नाही.

नव्या मुलांना चार गोष्टी सांगतो, विचारलं नसलं तरी. जनरेटरला अर्थिंग दिल्याशिवाय माईकला हात लावू नका. डिसेंबर-जानेवारीत दहिवर पडतं, स्पीकरचा कागदी कोन ओला झाला की आवाज फाटतो, म्हणून मध्यंतरात वरून प्लास्टिक टाका. इसार घेतल्याशिवाय तारीख लिहू नका, मग मंडळाचा अध्यक्ष तुमचा मामा असला तरी. संगीतवाल्याशी भांडू नका. ऑर्गनवाला आणि तबलावाला आवाज वाढवा म्हणाले की बटणाला हात लावल्यासारखं करा, निम्म्या वेळा तेवढ्यानं भागतं. आणि विभागात ध्वनीच्या तासाला झोपू नका.

दरवर्षी जनसंवाद किंवा नाट्य शिकलेली एक-दोन मुलं आमच्याकडे येतात. काही हंगाम संपायच्या आत मुंबईला जातात, जाऊ द्या. एक मुलगी टिकली आहे, आता साऊंडचं बोर्ड तिच्याकडे आहे आणि गुरुजी थेट तिलाच फोन करतात, त्याचं मला थोडं वाईट वाटतं.

यंदा लाईटवर एक माणूस हवा आहे. पदवी असली तर उत्तम, नसली तरी चालेल. रात्रभर जागता आलं पाहिजे, पाना धरता आला पाहिजे. दिवाळीच्या आधी या. नंतर आम्ही गाळ्यावर सापडत नाही, आणि समोर विचारायला गेलात तर तो तुम्हाला मोटारसायकल देईल.