कॉन्स्टान्त्सा ते क्लुज : सिमोना हालेपच्या वाटेनं रोमानिया

रोमानियाला जाणारे आपल्याकडचे बहुतेक लोक ब्राशोव्ह आणि ब्रानचा किल्ला पाहून परततात. मी हा देश टेनिसपटू सिमोना हालेपच्या कारकिर्दीच्या क्रमानं पाहिला. आधी काळ्या समुद्रावरचं कॉन्स्टान्त्सा, जिथं ती २७ सप्टेंबर १९९१ रोजी जन्मली. मग बुखारेस्ट, जिथं ती सोळाव्या वर्षी घर सोडून आली. शेवटी क्लुज, जिथं तिनं अखेरचा सामना खेळला. तिनं जिंकलेल्या २४ स्पर्धांची यादी कुठंही मिळते. पण जेमतेम १.६८ मीटर उंचीची मुलगी उंचपुऱ्या, तोफेसारखी सर्व्हिस करणाऱ्या खेळाडूंच्या काळात एकूण ६४ आठवडे जगात पहिली कशी राहिली, ते या वाटेवर जास्त नीट उलगडतं, असं माझं मत आहे.

आधी जाण्याचं पाहू. मुंबईहून बुखारेस्टला थेट विमान नाही. इस्तंबूल, आखाती शहरं किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर बदलावं लागतं. १ जानेवारी २०२५ पासून रोमानिया शेंगेन क्षेत्रात पूर्णपणे सामील झाला आहे, त्यामुळे आता नेहमीचा शेंगेन व्हिसा चालतो. जुन्या प्रवासवर्णनांत रोमानियाच्या वेगळ्या व्हिसाची माहिती असते, ती आता कालबाह्य झाली. चलन मात्र युरो नाही, लेऊ आहे. शाकाहारी मंडळींनी उपाहारगृहात ‘दे पोस्त’ एवढे दोन शब्द वापरावेत. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपवासाचं हे जेवण, त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसतं. मक्याच्या पिठाचा मामालिगा आणि वांगी-ढोबळी मिरचीचं झाकुस्का यांवर उत्तम निभावतं. चीज-दूध चालत असेल तर पर्याय आणखी वाढतात.

बुखारेस्टच्या गारा दे नोर्द स्थानकावरून कॉन्स्टान्त्सा सुमारे २२५ किलोमीटर. वेगवान गाडीला दोन-सव्वादोन तास लागतात, थांबत जाणारीला बरेच जास्त, म्हणून तिकीट काढताना सुटण्याची वेळ बघून भागत नाही, पोहोचण्याचीही बघावी. उन्हाळ्यात अख्खं बुखारेस्ट समुद्राकडे धावतं आणि जादा गाड्या सोडूनही डबे भरतात, तेव्हा आसन आधी राखून ठेवावं. बारागानचं सपाट मैदान, गहू आणि सूर्यफुलांची शेतं मागे पडली की चेर्नावोदापाशी गाडी डॅन्यूब ओलांडते. शेजारी दिसणारा जुना लोखंडी पूल अभियंता अंगेल सालिन्यीचा, १८९५ सालचा. त्यापलीकडे दोब्रुजा हा प्रांत सुरू होतो.

दोब्रुजा समजून घेतल्याशिवाय हालेपचं घर समजत नाही. इथं तुर्क, तातार, रोमानियन शतकानुशतकं एकत्र राहतात. १९२० च्या दशकापासून ग्रीस आणि बाल्कन प्रदेशातून आलेली आरोमानियन कुटुंबंही इथं वसली. मूळचे मेंढपाळ आणि व्यापारी असलेले हे लोक. हालेप कुटुंब त्यांच्यातलंच. वडील स्तेरे तरुणपणी खालच्या विभागातल्या एका क्लबकडून फुटबॉल खेळले, पुढे दुग्धव्यवसायात स्थिरावले. थोरला भाऊ निकोलाए टेनिस शिकायला जायचा, त्याच्यामागे सिमोना चौथ्या वर्षी कोर्टावर पोहोचली. सहाव्या वर्षापासून सराव रोजचा झाला. १९८९ च्या क्रांतीनंतर सरकारी क्रीडायंत्रणेचा आधार आटला होता. अशा काळात मुलीला टेनिसपटू करायचं तर रॅकेट, प्रशिक्षक, परगावचा प्रवास हा सगळा भार कुटुंबावरच पडायचा.

कॉन्स्टान्त्साचा जुना भाग पायी फिरावा. रोमन कवी ओव्हिड इथं हद्दपारीत राहिला आणि इथंच वारला. चौकातला त्याचा पुतळा १८८७ सालचा. समुद्रकाठचं १९१० चं कॅसिनो बरीच वर्षं पडीक होतं, दुरुस्तीनंतर २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा खुलं झालं. टेनिससाठी मात्र शहर बसनं ममायाकडे निघावं. समुद्र आणि स्युतगिओल तळं यांच्यामधली ही सुमारे आठ किलोमीटर लांबीची वाळूची पट्टी. हॉटेलांच्या रांगेत अधूनमधून लाल मातीची कोर्टं दिसतात. एप्रिल २०१७ मध्ये रोमानिया आणि ब्रिटन यांची फेड कप या महिलांच्या सांघिक स्पर्धेतली लढत याच शहरात मातीवर झाली. तीच ती लढत, जिच्यात रोमानियाचे कर्णधार इली नस्तासे यांना गैरवर्तनाबद्दल मैदानाबाहेर काढलं गेलं. हालेपनं तिच्या दोन्ही लढती जिंकल्या होत्या, बातम्यांत ते मागे पडलं.

ही माती म्हणजे दळलेल्या विटांची भुकटी. पॅरिसच्या रोलाँ गॅरोसवर, म्हणजे फ्रेंच ओपनच्या मैदानावर, तिचा थर फक्त एक-दोन मिलिमीटरचा असतो. त्याखाली सहा-सात सेंटिमीटर पांढरा चुनखडीचा चुरा, मग कोळशाची जळकी खडी, मग सुमारे तीस सेंटिमीटर जाड खडी. वरचा थर लाल दिसतो, पण चेंडूला उसळी देतो तो खालचा चुनखडीचा थर, आणि तोच पाणी धरून ठेवतो. तालमीतल्या मातीसारखी याचीही रोज मशागत लागते: खेळ संपला की जाळी ओढून भुकटी सारखी करायची, रेषा झाडायच्या, पाणी मारायचं. पाणी कमी पडलं की भुकटी वाऱ्यावर उडते, खालचा कठीण थर उघडा पडतो आणि तिथं घसरणारा पाय एकदम अडकतो, घोटा मुरगळतो तो बहुधा असाच. पाणी जास्त झालं तर चेंडू जड होतो आणि फटक्यातली ताकद मरते. समुद्रकाठी वारा सतत असल्यानं कोर्टाचं वागणं तासातासाला बदलतं.

अशा जागी शिकलेल्या मुलीचं पदलालित्य घडतं ते फटका मारण्याआधीच. हालेप चेंडूपर्यंत घसरत जायची आणि फटका संपताना थांबायची. त्यामुळे परतीचं पहिलं पाऊल तिला फुकट मिळायचं. जे खेळाडू फटका मारून मग घसरतात, त्यांचं हे पाऊल वाया जातं. तिची दुसरी सर्व्हिस शेवटपर्यंत साधारणच राहिली. ती उणीव तिनं परतीच्या फटक्यानं भरून काढली: कोर्टाच्या मागच्या रेषेला, बेसलाइनला, चिकटून उभं राहायचं, चेंडू उसळता उसळताच घ्यायचा आणि दोन हातांच्या बॅकहँडनं रेषेलगत सरळ पाठवायचा.

२००८ मध्ये तिनं रोलाँ गॅरोसची मुलींची स्पर्धा जिंकली; अंतिम फेरीत समोर एलेना बोग्दान, तीही रोमानियाचीच. त्याच सुमारास ती बुखारेस्टला राहायला आली होती. २००९ मध्ये तिनं स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. जड छातीमुळे पाठ दुखायची आणि हालचालीला वेळ लागायचा, हे तिनं स्वतः उघडपणे सांगितलं. सतरा-अठराव्या वर्षी, जगभर चर्चा होणार हे ठाऊक असून घेतलेला हा निर्णय मला तिच्या कारकिर्दीतला सर्वांत धीट वाटतो.

बुखारेस्टमध्ये इरोइलोर मेट्रो स्थानकावर उतरून प्रचंड संसद महालाच्या मागच्या बाजूला चालत गेलं की टेनिस संकुल लागतं. पूर्वीचं नाव प्रोग्रेसुल, आता राष्ट्रीय बँकेच्या नावानं ओळखतात. मोठी स्पर्धा नसेल तेव्हा इथं क्लबच चालतो, म्हणून आत पाहायचं असेल तर दारावर विचारून जावं. रोमानियन टेनिसचं मोठं दुःख याच जागी घडलं: ऑक्टोबर १९७२ मधला डेव्हिस कप या पुरुषांच्या सांघिक स्पर्धेचा अंतिम सामना. म्युनिक ऑलिंपिकमधल्या हत्याकांडानंतर जेमतेम सव्वा महिन्यात अमेरिकेचा संघ इथं कडक बंदोबस्तात उतरला. त्या वर्षी अमेरिकन ओपन जिंकलेला नस्तासे पहिल्याच लढतीत स्टॅन स्मिथकडून हरला. निर्णायक लढतीत इओन त्सिरियाकनं स्मिथला पाचव्या सेटपर्यंत खेचलं आणि तो सेट ६-० गमावला. अमेरिका ३-२ नं जिंकली. नस्तासे पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये विजेता ठरला आणि ऑगस्ट १९७३ मध्ये संगणकीय क्रमवारी सुरू झाली तेव्हा तिच्यातला पहिला अव्वल खेळाडू तोच होता. १९७८ मध्ये व्हर्जिनिया रुझिचनं फ्रेंच ओपन जिंकली. हीच रुझिच पुढे हालेपची व्यवस्थापक झाली, म्हणजे दीर्घ अनुभव थेट हाताशी आला.

भारतीय प्रेक्षकांना इथली आणखी दोन नावं ओळखीची असतील. २०१४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये सानिया मिर्झा मिश्र दुहेरीची अंतिम फेरी खेळली ती होरिया तेकाऊबरोबर. रोहन बोपण्णानं २०१५ मध्ये माद्रिद जिंकलं ते फ्लोरिन मेर्जियाबरोबर. त्याच वर्षी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत या जोडीची वाट अडवणाऱ्यांत तेकाऊच होता.

हालेपनं या संकुलात २०१४ आणि २०१६ मध्ये बुखारेस्ट ओपन जिंकली. दुसऱ्या वेळी अंतिम सामन्यात सेवास्तोव्हाला एकही गेम दिला नाही. त्याआधी २०१३ मध्ये जून ते नोव्हेंबर या काळात तिनं सहा स्पर्धा जिंकल्या होत्या, माती, हिरवळ, हार्ड कोर्ट, छताखालचं कोर्ट अशा सगळ्या प्रकारांवर. ती फक्त मातीची खेळाडू आहे, हे म्हणणं तिथंच संपायला हवं होतं.

मग आल्या हरलेल्या अंतिम फेऱ्या. २०१४ मध्ये पॅरिसला शारापोव्हाविरुद्ध तीन तास दोन मिनिटं झुंज, पराभव. २०१७ मध्ये तिथंच ऑस्तापेंकोविरुद्ध एक सेट आणि ३-० अशी आघाडी हातात, तरी पराभव. कारण तांत्रिक होतं. ऑस्तापेंको मोकळेपणानं फटकावू लागली तशी हालेप बेसलाइनच्या मागे सरकत गेली, आणि मागे सरकलं की तिच्या उसळत्या चेंडूवरच्या फटक्याचा फायदाच उरत नाही. त्याच वसंतात प्रशिक्षक डॅरेन केहिल काही आठवडे तिला सोडून गेले होते. खेळाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. संकटात ती स्वतःवरच चिडून सामना सोडून देते, हे त्यांना मान्य नव्हतं. ती बदलली, ते परतले. ऑक्टोबरमध्ये बीजिंगच्या उपांत्य फेरीत त्याच ऑस्तापेंकोला हरवून तिनं पहिला क्रमांक पक्का केला. हा मान मिळवणारी ती पहिली रोमानियन महिला.

जानेवारी २०१८ ची मेलबर्नची स्पर्धा मला तिची सर्वश्रेष्ठ वाटते, नंतर जिंकलेल्या पॅरिस आणि विम्बल्डन या दोन्हींपेक्षा. कपड्यांचा प्रायोजक नव्हता, म्हणून चीनमधल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडून ऑनलाइन मागवलेला लाल पोशाख ती घालत होती. पहिल्याच फेरीत घोटा मुरगळला. तिसऱ्या फेरीत लॉरेन डेव्हिसला हरवायला तीन तास चव्वेचाळीस मिनिटं लागली, शेवटचा सेट १५-१३. उपांत्य फेरीत कर्बरविरुद्ध ९-७. अंतिम सामन्यात वोझ्नियाकीकडून ती तिसऱ्या सेटमध्ये ६-४ अशी हरली आणि शरीरातलं पाणी कमी झाल्यानं रात्री रुग्णालयात दाखल झाली. जूनमध्ये पॅरिसला स्लोन स्टीफन्सविरुद्ध ती एक सेट आणि ०-२ अशी मागे होती. या वेळी ती मागे सरकली नाही. सलग चार गेम घेतले आणि ३-६, ६-४, ६-१ असा सामना काढला.

१३ जुलै २०१९ चा विम्बल्डनचा अंतिम सामना ५६ मिनिटांत संपला: सेरेना विल्यम्सविरुद्ध ६-२, ६-२. संपूर्ण सामन्यात हालेपच्या स्वतःहून केलेल्या चुका फक्त तीन. हिरवळीवर चेंडू खाली राहतो. बुटक्या, झटपट वाकणाऱ्या खेळाडूला तेच पथ्यावर पडलं. मुलीनं एकदा विम्बल्डनची अंतिम फेरी खेळावी, ही तिच्या आईची जुनी इच्छा होती.

पुढचा भाग दुःखद आहे. २०२२ च्या अमेरिकन ओपनमधल्या नमुन्यात रोक्साडुस्टॅट हे खेळाडूंना बंदी असलेलं औषध सापडलं. सप्टेंबर २०२३ मध्ये चार वर्षांची बंदी आली. ५ मार्च २०२४ रोजी क्रीडा लवादानं दूषित पूरक आहाराचं स्पष्टीकरण ग्राह्य धरून ती नऊ महिन्यांवर आणली. तोवर ती जवळजवळ दीड वर्ष बाहेर होती. वयाची बत्तीस वर्षं ओलांडलेल्या, पायांवर जगणाऱ्या खेळाडूला तेवढा काळ परत मिळत नाही. गुडघ्याची कूर्चाही साथ सोडत होती.

क्लुजला जाताना रेल्वेचा मोह आवरावा, निदान एका बाजूनं तरी. बुखारेस्टहून कार्पेथियन पर्वत ओलांडत जाणारी गाडी नऊ-दहा तास घेते आणि मार्गावरच्या दुरुस्त्यांमुळे आणखी रखडू शकते. विमान तासाभरात पोहोचवतं. रेल्वेनंच जायचं तर ब्राशोव्ह किंवा सिगिशोआरात मुक्काम करून प्रवास तोडावा. २०१४ मध्ये उघडलेलं बीटी अरेना हे बंदिस्त सभागृह सोमेश नदीजवळ, फुटबॉल स्टेडियमला लागून आहे. ट्रान्सिल्व्हेनिया ओपन आता फेब्रुवारीत होते, त्यामुळे जाड कोट आणि न घसरणारे बूट हवेतच.

२०२१ मध्ये इथंच हालेप अंतिम फेरीत कोंतावेइतकडून हरली, तेव्हा कोविडमुळे खुर्च्या रिकाम्या होत्या. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी मात्र लोक होते. इटलीच्या लुचिया ब्रोन्झेत्तीनं तिला ६-१, ६-१ असं हरवलं आणि कोर्टावरच, रोमानियन भाषेत, हालेपनं निवृत्ती जाहीर केली.