अल्जेब्रा टू: दुसऱ्या वर्षी काय वाढून ठेवलंय

अल्जेब्रा म्हणजे बीजगणित, त्यात पहिल्या वर्षी एक्स सापडला की काम संपायचं. दुसऱ्या वर्षी तसं नाही हां, सुरुवातीला जुनीच उजळणी असते म्हणून आपण निवांत राहतो आणि मग वर्गसमीकरणं, बहुपदी, लॉगरिदम, ग्राफ वर-खाली सरकवणं असं सगळं धडाधड अंगावर येतं.

मला सगळ्यात जास्त पिडलं ते ‘आय’ (i) या संख्येने. एक्स वर्ग अधिक १ बरोबर ०, सोडवा म्हणे! कुठल्या संख्येचा वर्ग उणे येतो? तर आय नावाची संख्याच मानायची, तिचा वर्ग -१, संपला विषय. दोन दिवस मला ही चक्क चीटिंग वाटली होती.

लॉगला मात्र उगाच घाबरतात सगळे, प्रश्न एवढाच की २ चा कितवा घात ८? तिसरा, मग पाया २ घेऊन ८ चा लॉग ३. झालं.

मार्क जातात ते भलतीकडेच. एक्स अधिक ३ चा वर्ग करताना मधले ६ एक्स मी कितीदा खाल्लेत विचारू नका. आणि वर्गमूळ घालवायला दोन्ही बाजूंचा वर्ग केलात तर उत्तर मूळ समीकरणात टाकून बघाच, कारण एक्सचं वर्गमूळ बरोबर एक्स उणे २ यात १ आणि ४ दोन्ही येतात पण १ खोटा निघतो.