आमची वाटचाल : वाफ कोरडी तर गोळी पक्की

फलटणला 2008 साली आम्ही गोळी पेंडेचा, म्हणजे गाईगुरांच्या खुराकाचा कारखाना टाकला. भागीदार दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान. रोलर आणि डाय (भोकांची पोलादी कडी, रोलर तिच्यातून माल दाबून गोळी काढतो) यांतलं अंतर ते नुसत्या आवाजावरून ओळखायचे. रोलर डायला जेमतेम शिवावा, घासू नये, हे पोरांना त्यांनीच शिकवलं. पहिली वर्षं बरी गेली.

सांगायचं ते 2013 च्या पावसाळ्याचं. बॉयलरपासून वाफेची नवी लाइन टाकून घेतली. ठेकेदाराने पाइपला उतार दिला नाही, कंडिशनरच्या (दळलेल्या मालात वाफ मिसळायचा ढोल) तोंडाशी स्टीम ट्रॅप (पाइपातलं पाणी बाहेर काढणारी झडप) बसवला नाही. वाफेबरोबर पाणी यायला लागलं. कोरडी वाफ मॅशचं, म्हणजे दळलेल्या मालाचं तापमान साधारण 14 अंशांनी चढवते तेव्हा एक टक्का ओल घालते. ओली वाफ तेवढ्याच अंशांना कितीतरी जास्त पाणी ओतते. आम्हाला हवे होते 80 अंश. 60 लाच रोलर घसरायचे, डाय चोक, मोटर ट्रिप. मग ऑपरेटर वाफ कमी करून मशीन ओढायचा. गोळी निघायची, पण मक्याचा स्टार्च कच्चाच. कंडिशनरमध्ये सगळा स्टार्च कधीच शिजत नाही, पण दाण्याच्या कडा चिकट व्हाव्या लागतात, तेवढंही होईना. पोत्याच्या तळाशी भुगाच भुगा.

त्याच महिन्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका कारखान्याच्या माणसांनी गावोगावच्या डेअऱ्यांत आमचा भुगा घमेल्यात ओतून दाखवला. "मका काढून कोंडा भरलाय," म्हणाले. धादांत खोटं! मका तेवढाच होता. त्यांची गोळी बाइंडर (माल चिकटवणारा पदार्थ) घालून दगडासारखी केलेली, बादलीत तासभर भिजायची नाही. लोकांना कडक तेच भारी वाटलं. उधारी अडकली, बँकेचे हप्ते थकले, ताईच्या पाटल्या गहाण पडल्या. तो राग अजून गेलेला नाही.

एका आक्कांनी मात्र पेंड बदलली नाही. दावणीला वीसेक एचएफ (होल्स्टिन) गाई. डेअरीत सगळ्यांसमोर म्हणाल्या, "गाया खात्यात, फॅट लागतंय, गोळी मोडली तर माझं काय बिघडलं?" पावसाळाभर त्यांनी रोख पैसे मोजून आमची पोती नेली. त्या रोखीवर बॉयलरची लाकडं आली.

दाजींनी लाइन उखडून उतार दिला, वाफेतलं पाणी वेगळं करणारा सेपरेटर आणि ट्रॅप बसवले, पाइपावर लॅगिंग (उष्णता धरणारं वेष्टण) चढवलं. कंडिशनर 80 वर स्थिर झाला.

नवीन कारखाना टाकणाऱ्यांना सांगतो, नुसत्या मोटरच्या अँपिअरच्या काट्यावर जाऊ नका. कंडिशनरच्या तोंडाशी तापमान बघा, मॅश मुठीत दाबा. लाडू वळला पाहिजे आणि अंगठ्याने फुटलाही पाहिजे. भरडायच्या चक्कीची जाळी झिजली की भरडा जाड पडतो, जाड दाण्यापाशीच गोळी तडकते. कूलरमधून निघालेली गोळी बाहेरच्या हवेपेक्षा फार तर पाच अंश गरम असावी, ओल 11 टक्क्यांच्या आत. घाईने गरम माल भरलात तर पोत्यात बुरशी ठरलेली.

आता दर पाळीला 500 ग्रॅम गोळी पेटीत घालून मिनिटाला 50 फेऱ्यांनी 10 मिनिटं फिरवतो, चाळून न मोडलेल्या गोळीचं वजन करतो. तो आकडा आम्ही डेअरीच्या फळ्यावर लिहून येतो. त्या कारखान्याला आम्ही कितीदा म्हटलं, तुमचाही लिहा. अजून लिहिलेला नाही.